सातव्या प्रश्नाची चौकशी

इंद्रभान गुरुजींचा जगात कोणावरच विश्वास नव्हता, आणि हा आपल्या स्वभावातला दोष नसून मुख्याध्यापकाच्या अंगी लागणारी पात्रता आहे असं त्यांचं मत होतं. बाजारात वांगी घेताना ते आधी देठ बघत, मग वांगं बघत आणि शेवटी विकणाऱ्याचा चेहरा बघत. घराला कुलूप लावलं की ओढून पाहत, चार पावलं जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. अशा ओढाओढीत एकदा कडीच निखळून हातात आली, तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली, कारण कडीवर त्यांचा संशय होताच. त्यांची बायको सिंधूताई शेजारणींना सांगायची, "याईले देवानं सोता परसाद देल्ला तरी हे इचारतीन, कालचा तं नाही?"

असे गुरुजी उंबरदरीच्या जिल्हा परिषद शाळेत होते. मोताळ्याकडून डोंगराच्या अंगानं आत गेलं की रस्ता जिथे थकतो, तिथे हे गाव आहे. शाळा पहिली ते चौथी, मास्तर दोन. एक गुरुजी आणि दुसरी खामगावहून आलेली तरुण सुचिता मॅडम. गावातल्या मोठ्या वावरवाल्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून, टाय लावून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात. जिल्हा परिषदेकडे राहिली ती भाजीपाला पिकवणाऱ्यांची, दोन-तीन एकरवाल्यांची आणि दुसऱ्याचं वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करणाऱ्यांची लेकरं. पट विसाच्या काठावर येऊन टेकला होता. विसाच्या खाली गेला की शाळा पलीकडच्या गावात मिसळून टाकतात, अशी बातमी दर उन्हाळ्यात उठे. पलीकडच्या गावाला जायला मध्ये नाला होता आणि नाल्यावर पूल मंजूर होता. तो गुरुजींच्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मंजूर होता.

तर या शाळेची चौथी यंदाच्या चाचणीत तालुक्यात वरच्या नंबरात आली. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. गुरुजींना त्याच क्षणी काहीतरी काळंबेरं वाटलं, आणि दोन दिवसांत तालुक्याहून विस्तार अधिकाऱ्यांचा फोन आलाच.

"गुरुजी, तुमच्या चौथीत एक मुलगी सोडली तर सगळ्यांनी सातवा प्रश्न चुकवलाय," साहेब म्हणाले.

"चुकतात साहेब, लेकरं आहेत."

"चुकू देत ना. पण सगळ्यांचं चुकीचं उत्तर एकच आहे. अगदी एकच. चूक एकट्याची असली तर ती चूक असते, गुरुजी. सगळ्यांची एकच असली तर ती व्यवस्था असते. मी गुरुवारी येतोय. नक्कल सिद्ध झाली तर शाळेचं काय होईल ते मी सांगायला नको."

"पण सातवा प्रश्न होता तरी कोणता?"

"तो मी तिथे येऊनच वाचणार. आधी सांगितलं तर तुम्ही पोरांना पढवाल."

या शेवटच्या वाक्यानं गुरुजींचा अपमान झाला, आणि साहेबांबद्दलचा आदरही वाढला. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, हे त्यांना मान्य होतं.

आता वाचक म्हणेल, मुख्याध्यापकाला आपल्याच शाळेतला पेपर माहीत नसावा? पण तिथेही गुरुजींची दक्षताच आड आली. पेपर सीलबंद आले. गुरुजींनी सुचिता मॅडमना ताकीद दिली, की पेपर वाटायचा आणि गोळा करायचा, वाचायचा नाही. म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. जमा झालेलं पाकीट त्यांनी स्वतः लाखेनं बंद करून त्याच दिवशी दुसऱ्या शाळेकडे तपासायला पाठवलं. मुलांना विचारावं तर मुलांना प्रश्नांचे नंबर आठवत नाहीत, त्यांना फक्त सुट्टी कधी झाली ते आठवतं.

"सातव्याचं उत्तर तुम्हाला कोणी सांगितलं?" गुरुजींनी वर्गात विचारलं.

"कोनीच नाही गुर्जी. मले येतच होतं," पहिला म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. मग एका मुलीनं तेच वाक्य त्याच सुरात म्हटलं, तेव्हा गुरुजींची खात्री पटली की पोरं पढवलेली आहेत. प्रश्न एवढाच उरला, की पढवली कोणी.

शेजारच्या उत्तमरावांनी या कामी आपण होऊन मदत देऊ केली. उत्तमराव एसटीत तिकीट तपासनीस होते, आणि विनातिकीट माणूस आपण चपलेवरून ओळखत असू असं ते सांगत. निवृत्तीनंतर त्यांच्यापाशी संशय भरपूर उरला होता आणि प्रवासी एकही नव्हता.

"मास्तर, सीन उभा करा," ते म्हणाले. "त्या दिवशी जो जिथं बसला होता तिथं बसवा. चोर सोताहून हालचाल करते. तीस वर्सं हेच पाह्यलं म्या."

सीन उभा राहिला. खडूची वर्तुळं काढून मुलं जिथल्या तिथे बसवली. ज्या मुलीचं एकटीचं उत्तर बरोबर होतं ती छकुली पुढच्या ओळीत, फळ्यासमोर. उत्तमराव बाहेर गेले, खिडकीतून उत्तर सांगता येतं का ते पाहायला. खिडकीखाली मुलं जेवून हात धुतात, तिथली जमीन बाराही महिने ओली असते. उत्तमरावांचा चेहरा खिडकीत आला, त्यांनी काहीतरी कुजबुजायला तोंड उघडलं आणि चेहरा एकदम खाली गेला. वर्ग हसून हसून लोळला. बऱ्याच वेळानं उत्तमराव चिखलानं माखलेल्या धोतरासकट आत आले आणि गंभीरपणे अहवाल दिला, "खिडकीतून सांगता येते. पन उभं राह्यता येत नाही."

खिडकी संशयातून वगळली गेली. राहिली सोजराबाई.

सोजराबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवे. चाचणीच्या वेळी स्वयंपाकखोलीतून झाकणाचा आवाज येत होता, असं उत्तमरावांच्या चौकशीत निष्पन्न झालं. आवाज म्हणजे इशारा, आणि इशारा म्हणजे आकडा. गुरुजी वही घेऊन चुलीपाशी गेले.

"सोजराबाई, त्या दिवशी तुम्ही झाकण किती वेळा वाजवलं?"

सोजराबाईनं उलथनं हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. "गुर्जी, मी खिचडी शिजवून राह्यली का तार पाठवून राह्यली?"

"तसं नाही, पण रीतसर..."

"मले चवथीचा पेपर समजला असता तं मी इथं चुलीच्या धुपटात बसली असती का?" असं म्हणून तिनं उलथनं खाली ठेवलं, खोचलेला पदर सोडला आणि घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी खिचडी शिजली नाही. मुलं भुकेली घरी गेली, घरी त्यांनी कारण सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं की इंद्रभान गुरुजीनं पेपर फोडला अन् नाव सोजराबाईवर ढकललं. गुरुजींना हे ऐकून वाईट वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेल्या माणसाला आपल्यावर घेतलेला संशय भारी लागतो.

सुचिता मॅडमचा विषय त्यांनी शेवटी घेतला, कारण तो नाजूक होता. त्या दुपारी गुरुजी फळा पुसायच्या निमित्तानं त्यांच्या मागे गेले आणि वाकून त्यांच्या मोबाइलात डोकावले. फळा कोराच होता.

"सर, तुम्हाला माझ्यावर संशय आहे?"

"छे छे. मी आपला फळा..."

मॅडमनी मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. "घ्या, पाहून घ्या सगळं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "रोज एवढ्या लांबून येते मी सर. या पोरांना पाढे पाठ व्हावेत म्हणून संध्याकाळची गाडी सोडते. आता बदलीच मागते." मोबाइलात मुलांचे फोटो होते आणि आईचा मेसेज होता, की घरी येताना शेगावची कचोरी आण. गुरुजींना लाज वाटली. पण दोन मिनिटांनी त्यांच्या मनात आलंच, की इतक्या सहज हातात दिला म्हणजे आधीच सगळं पुसून टाकलं असणार.

रात्री जेवताना सिंधूताई म्हणाली, "अन् पोट्ट्याईचं उत्तर बरोबरच असन तं? साह्यबाचंच चुकलं असन."

"साहेबांचं उत्तर वरून छापून येतं," गुरुजी म्हणाले. त्यांचा छापील गोष्टींवर तसा विश्वास नव्हता, पण बायकोवर त्याहून कमी होता.

बुधवारी पिवळ्या गाडीचा ड्रायव्हर मुलं सोडल्यावर गावातच थांबला आणि प्रवेशाची पत्रकं वाटू लागला. दोन-तीन आयांनी ती घेतली. एकीनं वाचता येत नसल्यामुळे ते पत्रक गुरुजींकडूनच वाचून घेतलं, आणि गुरुजींनी स्वतःच्या शाळेच्या मरणाची चिठ्ठी शुद्ध उच्चारांत तिला वाचून दाखवली. फी ऐकून तिचा चेहरा पडला. तरी ती म्हणाली, "काहीतरी इकू गुर्जी, पन नक्कल करणाऱ्या शाळेत लेकरू ठेवलं तं उद्या त्याचं लगन कोन करन?"

या सगळ्यात एकच माणूस खुशीत होता, तो म्हणजे महादेवराव. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कागदावर त्यांचा मुलगा राजकुमार होता आणि खुर्चीवर महादेवराव बसत. गावातलं सोयाबीन, तूर, हरभरा तेच घेत. रस्ता असा, की चार पोती घेऊन बाजार समितीत जायचं तर गाडीभाड्यातच अर्धा जीव जातो. म्हणून गुरुजींच्या दोन एकरांपासून सोजराबाईच्या तुकड्यापर्यंत सगळ्यांचा माल महादेवरावांच्या ओसरीवरच्या काट्यावर चढे. आणि बरोबर उत्तरवाली छकुली ही त्यांची नात; अध्यक्ष व्हायला पोर याच शाळेत लागतं, म्हणून ती पिवळ्या गाडीत बसत नव्हती.

"माह्या नातीचंच तेवढं इमानदारीचं उत्तर निंघालं," ते पारावर सांगत. "रक्तात असावं लागते. हिसोबात खोट मले चालत नाही. गुर्जीले हटवा म्हनून मी सोता साह्यबाले सांगनार हाओ."

गुरुवारी साहेब आले तेव्हा शाळेचा व्हरांडा भरला होता. आया, बाप, म्हातारे, धुतलेल्या धोतरातले उत्तमराव, फाटकाशी पत्रकांचा गठ्ठा घेतलेला ड्रायव्हर. सोजराबाई आली होती, पण चुलीकडे न जाता दारात पाठ टेकून उभी राहिली. सुचिता मॅडम बदलीचा अर्ज पर्समध्ये घेऊन बसल्या होत्या. महादेवराव साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर. गुरुजी उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही आणि आपणहून बसावं असं त्यांना वाटलं नाही. पट्टी मारणाऱ्यालाच आज पट्टी खायला उभं केलं होतं.

साहेबांनी मुलांना लांब लांब बसवलं, पाठी एकमेकांकडे करून. मग पाकीट फोडून त्यांनी सातवा प्रश्न मोठ्यानं वाचला. "एका शेतकऱ्याकडे सोयाबीनची चार पोती आहेत. प्रत्येक पोत्यात पन्नास किलो सोयाबीन आहे. शेतकऱ्याने सर्व पोती विकली. तर त्याने एकूण किती किलो सोयाबीन विकले?"

साहेब पुढे काही बोलायच्या आत वर्ग एका सुरात म्हणाला, "एकशे शहाण्णव."

इंद्रभान गुरुजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले. "शाब्बास," ते म्हणाले. "पाहा साहेब. बरोबर."

साहेबांनी चष्मा काढला. "काय बरोबर?"

"एकशे शहाण्णव."

"गुरुजी, चार पन्नास किती?"

"दोनशे."

"मग?"

"पण साहेब, प्रश्नात विकली असं म्हटलंय ना. विकली की पोत्यामागं एक किलो जातो."

"कुठे जातो?"

भाजीवाल्याच्या वांग्याचं देठ तपासणाऱ्या, कुलूप दोनदा ओढणाऱ्या, खिचडीच्या झाकणात खबर ऐकणाऱ्या इंद्रभान गुरुजींनी या प्रश्नाचा जन्मात कधी विचार केला नव्हता. त्यांच्या वडिलांनी पन्नासाचं पोतं एकोणपन्नास धरून विकलं होतं. त्यांनीही तसंच विकलं होतं, आणि काट्यासमोर उभं राहून त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक पोरानं बापाबरोबर तोच हिशोब तोंडानं केला होता. तो किलो जातो, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. दसऱ्याला आपट्याची पानं जातात तसा तो जातो. मग त्यांची मान वळली. व्हरांड्यातल्या सगळ्यांच्याच माना त्याच वेळी त्याच दिशेला वळल्या होत्या.

"बारदानाचा," महादेवराव म्हणाले. "पोत्याचं वजन धरावं लागते साह्यब. पयल्यापासून रीत हाये."

"पोतं तागाचं होतं तवा," सोजराबाई दारातून म्हणाली. "आता पिलॅस्टिकचं हाये, फुकलं तं उडते. ताग गेला, किलो राह्यला."

"रीत म्हंजे रीत हाये. म्या काई घरात नाही घातलं कोनाचं."

साहेबांनी कागदांतून एक पेपर काढला. "छकुली कोण? ये बाळा पुढे. तू एकटीनंच दोनशे लिहिलंय. तुला कोणी सांगितलं?"

छकुली फ्रॉक सावरत उठली. तिच्या आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते आपल्याला धीर देत आहेत असं तिला वाटलं.

"कोनीच नाही. मले येतच होतं," ती म्हणाली. "याईच्यासमोर मोजलं का एकशे शहाण्णव भरते. मंग हे घरी गेले का आबा परत मोजते. तवा दोनशेच भरते."

फाटकाजवळ गाडीच्या ड्रायव्हरनं पत्रकांचा गठ्ठा हळूच काखेत मारला आणि तो गाडीकडे निघाला.

इंद्रभान गुरुजींना आधी राग आला. मग त्याहून जास्त लाज वाटली. सोजराबाईच्या झाकणाची, मॅडमच्या मोबाइलची, त्या चिखलातल्या उत्तमरावांचीसुद्धा. ते सुचिता मॅडमपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमची पोरं हुशार आहेत. चुकलो मी." मॅडमनी पर्स घट्ट धरली होती, ती त्यांनी खाली ठेवली. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

साहेब पेन उघडून बसले. अहवालात काय लिहावं हे त्यांना सुचेना. नक्कल नाही, एवढं त्यांनी लिहिलं आणि त्याखाली ठळक रेघ मारली. मग त्यांनी मान वर करून वर्गाला विचारलं, "बरं मुलांनो, मग चार पोती विकली तर किती किलो विकलं? खरं उत्तर काय?"

मुलांनी साहेबांकडे पाहिलं नाही. गुरुजींकडेही पाहिलं नाही. सगळी महादेवरावांकडे बघत राहिली, काट्यासमोर उभी राहून बघतात तशी, ते सांगतील तो आकडा ऐकायला. त्यांच्या मागे त्यांचे आईबापही तसेच बघत होते.

महादेवरावांनी उपरणं सारखं केलं. खोकले. नातीकडे पाहिलं, ती हसली. "दोनशे," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यानं," सोजराबाई म्हणाली. "मांगच्याले आयकू नाही आलं."

"दोनशे."

मुलांनी पाट्या घेतल्या आणि लिहून घेतलं. इंद्रभान गुरुजींनीही लिहून घेतलं.